मोठ्या टेलिस्कोपसाठी काम करायचंय: आरशाकडे जावं की इन्स्ट्रुमेंटकडे?

ऑप्टिक्स, मेकॅनिकल किंवा फिजिक्स करून मोठ्या टेलिस्कोपच्या कामात शिरायचंच असं ज्यांनी पक्कं केलंय त्यांच्यापुढे लवकरच दोन वाटा येतात. एक आरशाची आणि दुसरी आरशाने गोळा केलेल्या प्रकाशाचं पुढे काहीतरी करणाऱ्या यंत्रांची, म्हणजे कॅमेरे, स्पेक्ट्रोग्राफ (प्रकाश रंगांमध्ये फोडून मोजणारं यंत्र) वगैरे. बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं पण रोजचं काम आणि त्याला लागणारा स्वभाव अगदी वेगळा आहे.

आधी आरसा. मी एक सहा इंची आरसा हाताने घासलाय, आणि त्यात खरं शिकलो ते घासण्यापेक्षा तपासण्यात. फूको टेस्ट म्हणून एक प्रकार असतो, आरशावरून परत आलेला प्रकाश जिथे एकवटतो तिथे ब्लेडची धार हळूच आडवी सरकवायची की काचेवरचे उंचसखल भाग सावल्यांसारखे दिसायला लागतात. आता काचेवर अंगठा दहा-पंधरा सेकंद टेकवा आणि परत बघा, अंगठ्याच्या जागी चक्क टेकाड उभं राहिलेलं दिसतं, नुसत्या अंगठ्याच्या उबेने काच फुगली म्हणून, आणि मग ते हळूहळू ओसरतं. ते ओसरेपर्यंत गप्प बसून राहायचं, कारण गरम काचेचं माप खोटं असतं. मोठ्या आरशांचं काम म्हणजे हेच, फक्त कित्येक पटीने.

म्हणूनच ईएलटी या चिलीतल्या ३९ मीटर आरशाच्या टेलिस्कोपचे सेगमेंट, म्हणजे आरशाचे जोडून बसवायचे तुकडे, झेरोड्यूर नावाच्या खास काचेचे आहेत, ती तापमान बदललं तरी जवळजवळ प्रसरण पावत नाही. असे ७९८ षटकोनी तुकडे, प्रत्येक जेमतेम ५ सेंटीमीटर जाड, आणि सगळे मिळून एकच वक्र दिसला पाहिजे. जीएमटी या दुसऱ्या मोठ्या टेलिस्कोपवाल्यांनी वेगळा रस्ता धरला, ८.४ मीटरचे सात मोठे आरसे, आतून मधमाशीच्या पोळ्यासारखे पोकळ, आणि फिरत्या भट्टीत काच वितळवून ओतलेले, म्हणजे वक्र बराचसा फिरण्यानेच येतो आणि काच कमी घासावी लागते. तुम्हाला एकाच वस्तूत वर्षानुवर्षं जीव ओतायचा असेल तर मोठा आरसा, आणि तीच अवघड गोष्ट शेकडो वेळा तितकीच अचूक करण्यात मजा वाटत असेल तर सेगमेंट. हवाईतल्या केक टेलिस्कोपच्या वेळी सेगमेंटसाठी काढलेली युक्ती मला अजून भारी वाटते, काचेला कडेने मुद्दाम ताण देऊन वाकवायचं, त्या अवस्थेत साधा गोल वक्र घासायचा आणि ताण सोडला की काच आपोआप हवा तो वेडावाकडा वक्र घेते.

इन्स्ट्रुमेंटची बाजू म्हणजे तडजोडीचं काम, आणि हे मी चांगल्या अर्थाने म्हणतोय. ऑप्टिक्सवाल्याला मोठी लेन्स हवी, मेकॅनिकलवाल्याला वजन कमी हवं, डिटेक्टरवाल्याला (प्रकाश टिपणारी चिप सांभाळणाऱ्याला) सगळं थंड हवं, आणि टेबलावर सगळे एकत्र बसल्याशिवाय पुढे काही सरकत नाही. इन्फ्रारेडची यंत्रं तर नेहमीच्या तापमानात जुळवायची आणि व्हॅक्यूममध्ये अतिथंड करून चालवायची, त्यात प्रत्येक धातू आपापल्या हिशोबाने आकसतो, म्हणजे आज जुळवलेली लेन्स थंड झाल्यावर कुठे सरकणार हे आधीच काढून ठेवावं लागतं. चुकलं की परत हळूहळू गरम करा, उघडा, दुरुस्त करा, पुन्हा थंड करा. हार्प्स हा स्पेक्ट्रोग्राफ २००३ पासून ताऱ्याचा सेकंदाला १ मीटर इतका कमी वेग पकडतोय, तो व्हॅक्यूमच्या टाकीत बंद आहे आणि त्याचं तापमान एका अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर ठेवतात. त्यात टेलिस्कोप जितका मोठा तितकं साधारणपणे इन्स्ट्रुमेंटही अवाढव्य होत जातं, हे नव्याने येणाऱ्यांच्या फारसं लक्षात येत नाही.

वेळेचं म्हणाल तर दोन्हीकडे धीर लागतो. ईएलटीच्या पहिल्या काही इन्स्ट्रुमेंटचे करार २०१५ साली झाले, म्हणजे विशीत शिरलेला माणूस त्यावर पहिला तारा बघेपर्यंत तिशी-पस्तिशीचा झालेला असणार. फरक असा की इन्स्ट्रुमेंटवाल्याला शेवटी स्वतःच्या यंत्रातून आलेला डेटा बघायला मिळतो, आरसेवाल्याचं काम चांगलं झालं तर ते कुणाला दिसतच नाही. पण आरशाचं काम टेलिस्कोप सुरू झाल्यावर संपत नाही, सेगमेंट काढून पुन्हा कोटिंग करणं, म्हणजे चकचकीत थर नव्याने चढवणं, कायम चालू राहतं, आणि अचूक काचेची, अचूक मापाची माणसं चिप बनवायच्या मशिनरीतही लागतात.

ठरत नसेल तर माझं मत, मापनापासून सुरुवात करा, म्हणजे मेट्रॉलॉजी. हबल या अवकाशातल्या टेलिस्कोपचा आरसा घासला उत्तमच होता, पण तो तपासणाऱ्या उपकरणातली एक लेन्स १.३ मिलीमीटर चुकीच्या जागी बसलेली होती, म्हणून आरसा अतिशय अचूकपणे चुकीचा बनला, कडेला सुमारे २ मायक्रॉन जास्त घासला गेला. आणि १९९३ मध्ये तो सावरला कुणी, तर इन्स्ट्रुमेंटवाल्यांनी, आरशाची चूक नेमकी मोजून उलटा वक्र आपल्या ऑप्टिक्समध्ये बसवून. मोजणारा माणूस दोन्हीकडे लागतो आणि नंतर बाजू बदलणंही त्याला सोपं जातं. त्यामुळे जिथे इंटर्नशिपला विचारताय तिथे पहिला प्रश्न हाच विचारा की तुमच्याकडे टेस्टिंग कोण करतं आणि मला त्यांच्याबरोबर बसता येईल का.