ग्रुपात नऊशे, लॉबीत चाळीस: नाशिकच्या गेमिंग ग्रुपसाठी व्हॉट्सॲप, टेलिग्राम की डिस्कॉर्ड?

गेमिंग ग्रुपचा ॲडमिन भेटला की पहिला आकडा सांगतो तो सदस्यांचा. "नऊशे पोरं आहेत आपल्याकडे." शनिवारी रात्री कस्टम रूम, म्हणजे फक्त आपल्या लोकांचा सामना, लावायची वेळ येते तेव्हा मात्र लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात तिथे, सोळा स्लॉट भरता भरता अकरा वाजतात आणि ग्रुपवर "एक प्लेअर कमी आहे, येतं का कोणी" सुरू होतं. एका स्लॉटमध्ये चार जणांचा एक स्क्वाड, आणि सोळा स्क्वाड म्हणजे चौसष्ट माणसं. नऊशेतून चौसष्ट निघत नसतील, तर हे नऊशे आहेत तरी कोण?

तुमचा असा ग्रुप असेल किंवा काढायचा असेल, आणि तो व्हॉट्सॲपवरच ठेवावा, टेलिग्रामवर न्यावा की डिस्कॉर्डवर, हे ठरत नसेल, तर पुढचं वाचा. तुम्ही सिडकोत फोनवर बीजीएमआय (पब्जी मोबाइलची भारतीय आवृत्ती) खेळणारे असा, नाहीतर कॉलेज रोडच्या कॅफेत पीसीवर व्हॅलोरंट खेळणारे, प्रश्न तोच आहे. स्टिकर, थीम आणि इमोजींची तुलना इतरत्र ढिगाने सापडते, तिच्यात मी पडत नाही. तिन्ही ॲप मी एकाच कसोटीवर लावले आहेत: कोण येतं, कोण परत येतं आणि कोण नुसतं नावाला आहे, हे तिथे कळतं का?

आधी आकड्यांचं

सदस्यसंख्या सहसा वाढतच जाते, कारण आपल्याकडे लोक ग्रुप सोडत नाहीत, म्यूट करतात. गेल्या दोन वर्षांत कधीतरी लिंकवर बोट ठेवलेल्या सगळ्यांची ती बेरीज असते. आज त्यातले किती जण तो गेम फोनमध्ये ठेवून आहेत, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

मेसेजची संख्या तर त्याहून फसवी. "तू हॅक लावलास" यावरून दोघांची रात्रभर जुंपली की त्या दिवसाचा आलेख आभाळाला टेकतो आणि प्रत्यक्षात रूम एकही झालेली नसते.

वेबसाइटच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ हिशेब मांडला होता, तो अजूनही उपयोगी पडतो: शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एक जण बहुतेक सगळं बोलणं करतो. व्हॉट्सॲपचा ग्रुप १०२४ सदस्यांनी ठासून भरला, तरी या हिशेबाने बोलणारे शंभराच्या आसपासच निघतात. त्यातून चौसष्ट खेळाडू एकाच रात्री, एकाच वेळी मिळवायचे आहेत. म्हणजे "पोरं येत नाहीत" ही तक्रार करणारा ग्रुप बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, चारचौघांसारखाच असतो.

मला कामाचे वाटतात ते आकडे दोनच. आठवड्यात किमान एकदा खेळलेली माणसं किती, हा पहिला. या आठवड्यात नव्याने आलेल्यांपैकी पुढच्या आठवड्यात किती परत दिसली, हा दुसरा. मोठ्या कंपन्या रोजच्या वापरकर्त्यांना महिन्याच्या वापरकर्त्यांनी भागतात, पण कामधंदा सांभाळून खेळणाऱ्या माणसांना रोजचा हिशेब लावण्यात अर्थ नाही. तुम्ही आठवड्याच्या आकड्याला महिन्याच्या आकड्याने भागा. समजा, महिन्यात ८० जण एकदा तरी खेळले आणि एरवीच्या आठवड्यात ४० जण खेळतात, तर निम्मे लोक तुमच्याकडे सवयीने येतात. गावातल्या ग्रुपसाठी हे उत्तम आहे, मग सदस्य तीनशे असोत की नऊशे.

व्हॉट्सॲप: आकडे दाखवत नाही, पण लपवतही नाही

व्हॉट्सॲपमध्ये ॲडमिनसाठी आलेखांचं पान नाही, म्हणून बरेच जण ते आधीच बाद करतात. ते घाईचं होतं.

पहिली सोय अगदी समोर आहे. रूमची घोषणा टाकल्यावर आपल्याच मेसेजवर बोट दाबून माहिती उघडा. कुणी वाचला आणि कुणापर्यंत नुसता पोहोचला, याची नावानिशी यादी येते. निळ्या टिका बंद करून ठेवलेला माणूस खासगी चॅटमध्ये सुटतो, ग्रुपमध्ये सुटत नाही. त्यामुळे ही यादी बऱ्यापैकी प्रामाणिक असते. शुक्रवारी संध्याकाळी टाकलेली घोषणा शनिवारी दुपारपर्यंत नऊशेपैकी दोनशेंनीच वाचली असेल, तर तुमचा ग्रुप दोनशेंचा आहे.

दुसरी सोय ग्रुपच्या माहितीत अगदी खाली असते. गेल्या ६० दिवसांत सोडून गेलेल्यांची नावं तिथे दिसतात. हल्ली ग्रुप सोडल्याचं फक्त ॲडमिनला कळतं, त्यामुळे गळती बाकीच्यांच्या नजरेत येत नाही. ही यादी महिन्यातून एकदा पाहावी. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी एकदम पंधरा जण गेलेले दिसले, तर नियमांवरून किंवा पंचांवरून कुणाचं तरी बिनसलं आहे.

तिसरी सोय म्हणजे चॅट एक्सपोर्ट करणं. मजकुराची साधी फाइल मिळते आणि तिच्यात प्रत्येक मेसेजमागे तारीख, वेळ आणि नाव असतं. गूगल शीट्समध्ये टाकून पिव्हट टेबल लावलं की कोण किती बोलतं आणि किती वाजता बोलतं, ते उघड होतं. एक्सेलवर हात बसलेला एखादा बीकॉमचा मुलगा प्रत्येक ग्रुपात असतोच, त्याला कामाला लावा. खाचा दोन आहेत. नावं तुमच्या फोनमध्ये सेव्ह असतील तशी येतात, म्हणून नंबर बदललेला माणूस दोनदा मोजला जातो. शिवाय २०२५ मध्ये आलेली प्रगत चॅट गोपनीयता ग्रुपवर चालू असेल, तर एक्सपोर्टच होत नाही.

व्हॉट्सॲपची खरी अडचण आकड्यांची नाहीच. ग्रुपमध्ये आलेल्या प्रत्येकाचा फोन नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. दहावी-अकरावीची मुलं आणि मुली ग्रुपात असतील, तर माझ्या मते हे एकच कारण तिथून हलायला पुरेसं आहे. मुली गेमिंग ग्रुपात का टिकत नाहीत, असा प्रश्न ॲडमिन मंडळी विचारतात. सामन्यात हरल्यानंतर अनोळखी नंबरांवरून येणारे मेसेज कुठल्याही आलेखात मोजले जात नाहीत.

टेलिग्राम: आलेख सुंदर, माणसं संशयास्पद

इथे ग्रुपात दोन लाखांपर्यंत सदस्य बसतात, फोन नंबर लपवता येतो आणि मोठ्या ग्रुपच्या ॲडमिनला तयार आकडेवारी मिळते: वाढ, मेसेज, सर्वांत बोलके सदस्य आणि गर्दीचे तास. यातला तासांचा आलेख नाशिकमध्ये फार उपयोगी पडावा. कॉलेजची मुलं दहाला मोकळी होतात, तर सातपूर-अंबडला दुसऱ्या पाळीला असलेला मुलगा घरी येऊन जेवून बारानंतर फोन हातात घेतो. आलेखात असे दोन उंचवटे दिसले, तर एका रूमऐवजी दोन रूम लावा. एकाच वेळेवरून दर आठवड्याला होणारी वादावादी तिथेच मिटते.

पण टेलिग्रामवरच्या सदस्यसंख्येवर मी विश्वास ठेवत नाही. तिथे बॉट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅमने चालणारी खाती, सहज घुसतात आणि सदस्य विकत मिळतात. दहा हजारांचा ग्रुप दिसला की त्यातल्या घोषणांना उत्तरं किती आली, एवढं बघा, बाकीचं सोडा.

त्यात एक भर. पन्नास रुपये भरा, जिंकलात तर पाचशे, अशा रूमवर पोसलेले पुष्कळ ग्रुप होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी ओळख दिली. त्याआधीची गर्दी दाखवून कुणी तुम्हाला ग्रुप चालवायला देत असेल, किंवा आपल्यात विलीन करून घ्या म्हणत असेल, तर ती गर्दी खेळाची होती की पैशाची, हे आधी विचारा.

डिस्कॉर्ड: आकडे सर्वांत खरे, पण पाचशे माणसं आणा मग

डिस्कॉर्ड २०१५ मध्ये आलं ते गेम खेळणाऱ्यांसाठीच, आणि आकडेवारीत ते जाणवतं. सर्व्हर (डिस्कॉर्डवरचा ग्रुप) कम्युनिटी म्हणून नोंदवला आणि सदस्य ५०० च्या वर गेले की सर्व्हर इनसाइट्स, म्हणजे आकडेवारीचं पान, उघडतं. नुसते डोकावून गेलेले आणि लिहिलेले-बोललेले लोक तिथे वेगळे मोजले जातात. महत्त्वाचं म्हणजे व्हॉइस चॅनेलवर बोललेला माणूसही बोलणाऱ्यांत धरला जातो. खेळणारी माणसं टाइप करत नाहीत, माइकवर ओरडतात. व्हॉट्सॲपच्या एक्सपोर्टमध्ये असा माणूस गप्प बसलेला दिसतो, इथे तो सापडतो. नव्याने आलेल्यांपैकी पुढच्या आठवड्यात किती परतले, हा मी वर दुसरा म्हटलेला आकडाही आयता मिळतो.

पाचशेच्या आतल्या सर्व्हरला मात्र हे काही दिसत नाही. तिथे आकडेवारीचा एखादा बॉट जोडावा लागतो. आणि नाशिकमधल्या एका गेमच्या ग्रुपला डिस्कॉर्डवर पाचशे माणसं जमवणं सोपं नाही. पीसीवाले आधीपासून तिथेच असतात. पंचवटीतल्या किंवा ओझरच्या फोनवर खेळणाऱ्या मुलाला मात्र "अजून एक ॲप टाक" म्हटलं की स्टोरेज फुल असल्याचं उत्तर येतं.

इथेही एक आकडा फसवतो. निमंत्रणाच्या लिंकवर हिरव्या ठिपक्यासोबत "इतके ऑनलाइन" असं दिसतं, पण ती माणसं डिस्कॉर्डवर कुठेतरी ऑनलाइन असतात, तुमच्या सर्व्हरवर असतीलच असं नाही. एकाच माणसाचा हिरवा ठिपका तो ज्या वीस सर्व्हरांत आहे त्या सगळ्यांत मोजला जातो. हा आकडा प्रायोजकाला दाखवणारे ॲडमिन मला गमतीशीर वाटतात.

साफसफाई हा डिस्कॉर्डचा मोठा गुण. ज्यांना कुठलाही रोल (ॲडमिनने दिलेली भूमिका) दिलेला नाही आणि जे ७ किंवा ३० दिवसांत फिरकलेले नाहीत, त्यांना एका फटक्यात काढता येतं. सदस्यसंख्या धाडकन खाली येते आणि ॲडमिनच्या पोटात गोळा येतो, पण उरलेला आकडा खरा असतो.

कुठलंही ॲप घ्या, नाशिकचा महिना बघा

मेचा आकडा फेब्रुवारीशी ताडून "ग्रुप वाढला" म्हणण्यात काही अर्थ नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात आणि दिंडोरी-निफाडकडच्या मुलांच्या घरी द्राक्षांची काढणी चाललेली असते. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारून आलेल्या नाशिककराकडून त्या रात्री स्क्रिमची (सराव सामन्याची) अपेक्षाच ठेवू नये. फेब्रुवारीची तुलना मागच्या फेब्रुवारीशीच करा.

गेमचा स्वतःचा इतिहासही आलेखात शिरतो. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये ॲप स्टोअरांवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायरवर फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी आली. या तारखांच्या आसपासची चढउतार ॲडमिनची कर्तबगारी नाही आणि अपयशही नाही. २०२२ मधला तो मधला काळ तर बघण्यासारखा आहे: नवीन डाउनलोड बंद, पण ज्यांच्या फोनमध्ये गेम होता ते खेळतच राहिले. नवे सदस्य आटले म्हणून ज्यांनी तेव्हा ग्रुप मेला असं ठरवलं, त्यांनी रूममधली माणसं मोजली नव्हती.

मग निवडायचं काय?

दोनशेच्या आतला, एकाच गेमचा, एकमेकांना ओळखणाऱ्या मोठ्या माणसांचा ग्रुप असेल तर व्हॉट्सॲप सोडू नका. रूम झाली की लॉबीचा स्क्रीनशॉट घ्या आणि खेळलेल्यांची नावं एका शीटमध्ये तारखेच्या रकान्यात टिपा. ही हजेरी तिन्ही ॲपच्या आलेखांपेक्षा खरी आहे, कारण बोलणं आणि खेळणं यांतला गोंधळ तिच्यात होत नाही. काम दहा मिनिटांचं असतं, कंटाळा मात्र फार येतो, म्हणून दोघांत वाटून घ्या.

अल्पवयीन मुलं असतील, मुली असतील, किंवा दोन-तीन गेम एकत्र चालत असतील, तर डिस्कॉर्ड. पण सगळ्यांना एका रात्रीत हलवू नका. महिनाभर घोषणा व्हॉट्सॲपवर आणि आयडी-पास (रूममध्ये शिरायचा क्रमांक आणि पासवर्ड) फक्त डिस्कॉर्डवर, असं चालवा. ज्याला खेळायचंय तो आयडी-पाससाठी येतोच. महिन्याअखेर तुमच्या शनिवारच्या हजेरीतले निम्म्याहून जास्त लोक तिकडे दिसले, तर पुढचं पाऊल टाका. नाही दिसले, तर मुकाट्याने परत या.

टेलिग्राम मी फक्त जिल्हाभराच्या स्पर्धेच्या घोषणांसाठी ठेवेन. मालेगावपासून इगतपुरीपर्यंतच्या टीमना वेळापत्रक पोहोचवायचं असेल तर ते सोयीचं आहे, घर करून राहायला नाही.

आता कॅफेवाले किंवा मोबाइल शॉपीवाले, ज्यांना बक्षिसाला पैसे द्यायचेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲडमिनकडे सदस्यसंख्येचा स्क्रीनशॉट मागू नका, मागच्या चार शनिवारच्या रूमचे निकाल मागा आणि नावं जुळवा. चारही निकालांत मिळून वेगवेगळी माणसं किती, आणि किमान तीनदा आलेली किती, हे दोन आकडे कागदावर लिहा. दुसरा आकडा पंचवीस-तीस असला तरी पैसे लावायला हरकत नाही. पहिला दोनशे आणि दुसरा सहा निघाला, तर बक्षिसाची रक्कम निम्मी करा आणि उरलेली पुढच्या महिन्यापर्यंत खिशात ठेवा.