बापूंचा नंबर गेला तो गेलाच

सावद्याला आमचं केळी भरून पाठवायचं ऑफिस आहे. कानपूर-दिल्लीच्या व्यापाऱ्यांच्या डायरीत आमचा लँडलाइन नंबर बापूंच्या काळापासून लिहिलेला. आमच्या हातातले मोबाइल किती बदलले, पण सकाळी भाव विचारायला घंटी वाजायची ती त्याच फोनची.

गेल्या मार्चमध्ये एक पोरगा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "अण्णा, एकच नंबर, चार टेबलांवर चार फोन, सगळं रेकॉर्डिंग. इंटरनेटवर चालतं, बिल निम्मं." मी एवढंच विचारलं, की आमचा जुना नंबर? "जसाच्या तसा आणतो. मोबाइलचा नाही का पोर्ट होत?" पटलं. मोबाइलचा होतो, २०११ पासून देशभर होतोय. लँडलाइनला आपल्याकडे ती सोय नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खरं तर सावध करणारा माणूस भेटला होता. कनेक्शन बंद करायचा अर्ज घेऊन टेलिफोन ऑफिसात गेलो, तर खिडकीवरचे साहेब म्हणाले, "भाऊ, बंद कशाला करता? आमचंच फायबर घ्या, नंबर हाच राहील." मला वाटलं, यांना गिऱ्हाईक सोडवत नाहीये. सही करून आलो.

६८ हजार दिले. तीन वर्षांचे एकदम, कारण आगाऊ दिले तर सूट होती ना!

तपासणी म्हणून त्याने मोबाइलवर स्पीड दाखवला. "ऐंशी एमबीपीएस, अण्णा!" तो डाउनलोडचा आकडा. आपलं बोलणं लाइनवरून वर जातं, त्याला अपलोड लागतो. आणि एका कॉलला १०० केबीपीएसच्या, म्हणजे एका एमबीपीएसच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास पुरतं. म्हणजे ऐंशीचं कौतुक फुकटच. बघायचं होतं ते लाइन भर दुपारीही एकसारखी चालते का. आमच्या गोडाऊनचे सहा कॅमेरे दिवसरात्र त्याच लाइनवरून चित्रं वर ढकलत होते, त्यामुळे बोलताना शब्दच्या शब्द गळायचे. एकदा मी कानपूरला "सत्रह सौ" म्हणालो, तिकडे पोचलं नुसतं "ह सौ". त्याने सोलह धरलं. क्विंटलमागे १०० रुपये, गाडीत १५० क्विंटल. १५ हजार तिथेच गेले. त्याच्याशी जुना व्यवहार, भांडायचं कुठे?

मे महिन्यात लाइट जायला लागली तेव्हा दुसरी गंमत कळली. जुन्या फोनला एक्सचेंजकडूनच तारेतून ४८ व्होल्ट यायचे, ऑफिसात अंधार असला तरी घंटी वाजायची. आता राउटर बंद पडला की चारही फोन मुके. यूपीएसचा त्याच्या कोटेशनमध्ये शब्द नव्हता. विचारलं की म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात बसवतो अण्णा." जुना नंबरही पुढच्याच आठवड्यात येणार होता.

जूनमध्ये फोन कायमचे बंद झाले. पोराचा मोबाइलही बंद.

तेव्हा भाच्याने बिल हातात घेतलं. पत्ता जळगावचा, पण जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७. पोर्टलवर टाकला तर कुठल्या तरी कापड दुकानाचा, तोही रद्द झालेला. दोन मिनिटांचं काम, पैसे देण्याआधी मी केलं नाही. बाहेरच्या फोनवर कॉल जोडून देणाऱ्याला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो, तो कागदही मागितला नाही. याने दुसऱ्याच एका कंपनीकडून महिन्याच्या बोलीवर खातं घेऊन ते आम्हाला तीन वर्षांचं म्हणून विकलं होतं. त्याने पैसे भरायचे थांबवले, कंपनीने खातं बंद केलं.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. पैसे गेल्यागेल्या कळवलं तर पुढे जाण्याआधी अडवता येतात. आम्ही तीन महिन्यांनी जागे झालेलो. पोलिसांनी अर्ज घेतला, पोच दिली.

इंटरनेटचा फोन वाईट नाही, आजही तोच वापरतो. पण या वेळी परवानेवाल्याकडून घेतला, पैसे महिन्याचे महिन्याला, कॅमेऱ्यांना वेगळी लाइन, राउटरला यूपीएस. पहिला महिना दोनच टेबलांवर चालवून पाहिला.

नंबर मात्र नवा. टेलिफोन ऑफिसात परत जाऊन आलो; ते खिडकीवरचे साहेब नुसते माझ्याकडे बघत राहिले. गोडाऊनमध्ये जुना नंबर छापलेले दोन हजार खोके पडून आहेत. गाडी भरताना पोरं मार्करने तो खोडतात आणि शेजारी नवा लिहितात.