चामड्याची म्हणून विकलेली प्लॅस्टिकची सीट

कोल्हापुरात सायकल चालवणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. तांबूस चामड्याची सीट, मागच्या कडेला पितळी रिव्हेट आणि खाली मजकूर: ‘इंपोर्टेड लेडीज मॉडेल, मोजमाप घेऊन बसवून मिळेल.’ ही सीट मी ६,५०० रुपयांना घेतलेली आहे. मोजमापाचे ८०० वेगळे. त्या सीटमध्ये चामडं नाही, त्या मोजमापात माप नाही. पैसे परत मागितले तेव्हा आणखी पैसे काढून घ्यायचा प्रयत्न झाला, तो वेगळाच. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही, ते तक्रारीत दिलेलं आहे. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगते, कारण नाव बदलता येतं, पद्धत तीच राहते.

रंकाळ्याभोवती चक्कर मारून घरी येणारीला सीटचा प्रश्न सहसा पडत नाही. पन्हाळ्याकडे चाक वळलं की पडतो. शिवाजी पुलावरून केर्लीपर्यंत ठीक असतं, पण वाघबीळला घाट लागला की आपण हँडलवर पुढं झुकतो आणि भार मागच्या हाडांवरून सरकून सीटच्या नाकावर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर येतो. तिथं आपल्याकडे हाड नाही, नाजूक भाग आहे. आधी जळजळ, मग मुंग्या, मग बधिरपणा. बऱ्याच जणी बाजारातून जेलचं कव्हर आणून चढवतात. त्यानं दुखणं बहुधा वाढतंच, कारण मऊ जेलमध्ये बसायची हाडं बुडतात आणि दबलेलं जेल मधोमध वर येऊन नेमकं नको तिथं टेकतं. हे सगळं सायकलच्या दुकानात चार पुरुषांसमोर सांगायचं कसं, म्हणून कुणी सांगत नाही. या माणसाचा सगळा धंदा या न सांगण्यावर उभा आहे.

त्याचं दुकान नाही. वरच्या मजल्यावरची एक खोली, भिंतीवर परदेशी शर्यतींची पोस्टरं, मधे स्टँडवर एक सायकल. बोलणं अतिशय अदबीचं. “ताई, लेडीजची बॉडी वेगळी असते, दुकानदारांना हे कळतच नाही,” या पहिल्याच वाक्यात तो आपल्याला जिंकतो, कारण वाक्य खरं आहे. मग एका स्टुलावर काळी मॅट ठेवतो, तिला वायर, वायरला मोबाईल. बसायचं, मॅटच्या कडेचे दिवे लुकलुकतात, आणि दोन लाल ठिपक्यांचं रंगीत चित्र असलेला छापील रिपोर्ट हातात येतो. माझ्या रिपोर्टवर बसायच्या हाडांमधलं अंतर १६८ मिलिमीटर लिहिलं होतं. “बघा, म्हणून त्रास. तुम्हाला रुंद आणि आखूड नाकाचीच लागणार.” अशी सीट त्याच्याकडे तयार असते. म्हणजे तीच एक असते.

सीट बसवली, आणि माझी जुनी सीट त्यानं हळूच बाजूला केली. “हिचं काय करता, राहू दे इथंच, २०० कमी करतो.” ही गोष्ट तेव्हा किरकोळ वाटते. पण जुनी सीट हातात नसली की नवी परत करून सायकल चालवायची कशी? ती सायकलबरोबर आलेली चांगल्या कंपनीची सीट होती. पुढे एका ओळखीच्या मुलीला त्यानं ती ‘लाइट यूज्ड’ म्हणून विकल्याचं कळलं. कडेला माझ्याच कुलपानं पडलेला चरा होता.

दुखणं थांबलं नाही. त्याला फोन केला की उत्तर ठरलेलं. “ताई, अस्सल चामडं आहे. नवं कोल्हापुरी पायताण पहिल्यांदा चावत न्हाई व्हय? तेल द्या, वापरा, पायाला बसतं की नाही? तसंच हे.” कोल्हापूरच्या माणसाला याहून मोठा पुरावा लागत नाही. शिवाय यातही अर्ध खरं आहे. जाड चामड्याची सीट सुरुवातीला कडक असते आणि शेकडो किलोमीटर चालल्यावर बसणाऱ्याच्या हाडांचा आकार घेते. पण तिला घडायला मुळात चामडं असावं लागतं. हा दम धरायला लावणारा सल्ला कशासाठी होता, ते नंतर लक्षात आलं. १५ दिवसांत परत घेण्याची बोली होती. ते दिवस सवय करण्यातच जावेत, एवढाच उद्देश.

मी सीट घेऊन गेले तेव्हा खोलीत दोन-तीन गिऱ्हाईकं होती, सगळे पुरुष. आतापर्यंत ताई-ताई करणारा माणूस मोठ्या आवाजात म्हणाला, “मॅडम, नक्की कुठं टोचतंय ते सांगा की. दाखवल्याशिवाय कळणार कसं?” बाकीचे मोबाईलमध्ये बघायला लागले. त्याला उत्तर नको होतं, मी गप्प बसून निघून जायला हवी होते. मी त्याला नेमकं सांगितलं, कुठल्या चढाला कुठं बधिर होतं ते. तो चाचरला, “स्टॉक संपलाय, पुढच्या महिन्यात बघू,” म्हणाला. पण त्या खोलीतून किती जणी मान खाली घालून उतरल्या असतील, याचा राग मला ६,५०० रुपयांपेक्षा जास्त आहे.

रिपोर्टचं बिंग आमच्या ग्रुपमध्ये फुटलं. एकीनं तिच्या रिपोर्टचा फोटो टाकला: १६८. दुसरीनंही टाकला: १६८. एक साडेपाच फुटांची, दुसरी माझ्या खांद्याला लागणारी. लाल ठिपकेही तसेच्या तसे. खरं तर १६८ हा आकडाच ओरडून सांगत होता, कारण बायकांमध्ये हे अंतर साधारण १०० ते १५० मिलिमीटरच्या दरम्यान असतं. आकडा बाईच्या मापाचा नव्हता, त्याच्याकडच्या सीटच्या मापाचा होता.

माप घरी फुकटात निघतं. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवायचा, पातळ कपड्यात त्यावर बसायचं, पायाखाली पाट घेऊन गुडघे थोडे वर उचलायचे आणि हँडल धरल्यासारखं पुढं झुकायचं. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. दिसले नाहीत तर खडू आडवा घासायचा, उमटतात. दोन्ही खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. माझं भरलं ११८ मिलिमीटर. सीटची रुंदी त्याहून साधारण दोन-अडीच सेंटीमीटर जास्त लागते. ताठ बसून चालवायची सायकल असेल तर आणखी रुंद चालते. जितकं पुढं झुकू तितकी अरुंद हवी, कारण ही हाडं पुढच्या बाजूला एकमेकांजवळ येत जातात. म्हणजे ‘लेडीज’ म्हणून सरसकट रुंद सीट विकणं हेच चूक. पन्हाळ्याला जाणाऱ्या बाईला गादीसारखी रुंद सीट मांड्यांना घासते आणि मधला दाब तसाच राहतो. तिथं मधे खाच किंवा भोक असलेली, बेताची कडक सीट बऱ्याच जणींना सोसते.

आता चामड्याचं. सीट घेऊन मी सुभाषनगरात चप्पल करणाऱ्या एका ओळखीच्या मामांकडे गेले. त्यांनी ती सरळ बाजूनं बघितलीच नाही. हातात घेतल्या घेतल्या उलटी केली, खालच्या बाजूला नखानं ओरखडा काढला, मग कडेला रापीचं टोक लावलं. वरचा तांबूस थर साय निघावी तसा उचलला गेला आणि खाली काळं, गुळगुळीत प्लॅस्टिक दिसलं. “पोरी, ह्यात जनावर कुठं हाय?” एवढंच बोलले आणि हातातल्या कामाला लागले. पितळी रिव्हेटची डोकी नुसती चिकटवलेली होती. एक त्यांच्या अंगठ्यानं निघून खाली पडलं.

खऱ्या चामडी सीटला खाली प्लॅस्टिकचं कवच नसतं. एकच जाड कातडं पुढच्या नाकापासून मागच्या लोखंडी पट्टीपर्यंत झोळीसारखं ताणलेलं असतं. रिव्हेट ते कातडं धरून ठेवायला असतात, शोभेला नाही. उलटी केली की कातड्याची खरबरीत, तंतूंची बाजू उघडी दिसली पाहिजे. नाकाखाली ताण वाढवायचा नट असतो, तो पाना लावल्यावर फिरला पाहिजे. माझ्या सीटचा नट रंगवलेला उंचवटा होता. अशा सीटसाठी प्रसिद्ध असलेली ब्रुक्स ही इंग्लंडमधली बर्मिंगहॅमची १८६६ सालापासूनची कंपनी, आणि तिच्या बी-१७ मॉडेलचा आखूड नाकाचा प्रकार बायकांसाठी म्हणून निघाला. विकणाऱ्यानं नाव तेच घेतलं होतं. सीटवर मात्र कुठलाच ठसा नव्हता, ‘एक्स्पोर्ट पीस आहे म्हणून’.

पैसे परत मागायला लागल्यावर एका तिसऱ्याच नंबरवरून क्यूआर कोड आला: “रिफंडसाठी स्कॅन करून पिन टाका.” यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. मी टाकला नाही. आमच्यातल्या एकीनं टाकला आणि आणखी २,००० गेले. तिनं त्याच संध्याकाळी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. असा फोन जितका लवकर, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त, म्हणून आधी दुकानदाराशी वाद घालत बसू नका.

बिल त्यानं कुणालाच दिलेलं नाही. पैसे कुणा वेगळ्याच माणसाच्या खात्यावर जातात. मागूनही बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल नाही म्हणून तक्रार अडत नाही. यूपीआयची नोंद, चॅट, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. चॅटमधले स्वतःचे मेसेज तो नंतर पुसून टाकतो, हे आमच्या दोघींच्या बाबतीत झालंय. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आम्ही मिळून ती करतोय. मामांनी सोललेली सीट पुरावा म्हणून माझ्याकडेच आहे.

ज्यांनी आधीच घेतली आहे त्यांनी निदान एक करावं: तो सीटचं नाक वर उचलून बसवतो, त्यामुळं बसताना मागं टेकल्यासारखं वाटतं आणि खोलीत तरी आराम पडतो. ॲलन कीनं (षटकोनी पान्यानं) खालचा बोल्ट सैल करून सीट सपाट करा, हवं तर नाक किंचित खाली. तरीही बधिरपणा येत असेल तर ती सीट काढून टाका आणि तो टिकला किंवा सूज आली तर डॉक्टर बाईंना दाखवा. त्याची सवय करून घ्यायची नसते, कुणीही कितीही पायताणाचं उदाहरण दिलं तरी.

त्याचं जुनं इन्स्टाग्राम खातं बंद झालंय. आता नवीन नावानं तेच सुरू आहे, भाव ५,९०० केलाय आणि मोजमाप ‘फ्री’. फोटो जुनाच आहे: डावीकडून दुसऱ्या रिव्हेटजवळ पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिसतो. तो दिसला की स्क्रीनशॉट काढा आणि ग्रुपवर टाका, तक्रारीला जोडायचाय.