उपासना लाइव्ह करायचीय: फोन, लॅपटॉप की स्विचर?

चर्चच्या कमिटीत रविवारची उपासना लाइव्ह दाखवायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, कॅमेरा कुठला घ्यायचा. माझ्या मते तो सगळ्यात शेवटी विचारायचा. घरी पडून असलेली आजी किंवा दुबईला नोकरीला गेलेला मुलगा, ही माणसं धूसर चित्र चालवून घेतात हो, पण उपदेश नीट ऐकूच आला नाही तर बंद करून टाकतात आणि पुढच्या रविवारी लावत पण नाहीत. म्हणून खालचे तिन्ही पर्याय मी आधी आवाजावरून तोलतोय, चित्र नंतर.

सगळ्यात स्वस्त म्हणजे फोन आणि स्टँड. चर्चची मंडळी (सभासद) लहान असेल, पन्नास-साठ माणसं, तर सुरुवात इथूनच करा, उगाच खर्च नको. पण फोन पाचव्या बाकावर ठेवला की त्याला पाळकसाहेब (पास्टर) कमी आणि डोक्यावरचा पंखा जास्त ऐकू येतो, आणि जुनं दगडी चर्च असेल तर प्रत्येक शब्द घुमून दोनदा येतो. यावर उपाय एकच, आवाज हवेतून घ्यायचा नाही, वायरने घ्यायचा. अजून एक अडचण, यूट्यूबच्या अ‍ॅपवरून लाइव्ह जायला चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि चॅनल व्हेरिफाय केल्यावर पहिल्यांदा लाइव्ह सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे नाताळच्या सकाळी चॅनल उघडायला बसू नका. लॅपटॉपवरून केलं तर ५० ची अट नाही. फेसबुकवरही अट आहेच, खातं किमान ६० दिवस जुनं आणि पेजला किमान १०० फॉलोअर लागतात, शिवाय २०२५ पासून तिथे लाइव्हचा व्हिडिओ ३० दिवसांनी निघून जातो, म्हणजे बाप्तिस्म्याचा किंवा लग्नाचा व्हिडिओ ठेवायचा असेल तर लगेच उतरवून घ्यावा लागतो.

आणि डेटा! ७२०पी चित्राला ४ एमबीपीएस धरलं तर दीड तासाच्या उपासनेला साधारण २.७ जीबी जातात. रोज दोन जीबीवाल्या पॅकवर उपदेशाच्या मध्यातच गाडी थांबणार. चर्चमध्ये ब्रॉडबँड नसेल तर आधी तो घ्या, आणि मोजताना डाउनलोड नाही तर अपलोड स्पीड बघा, रविवारी उपासनेच्याच वेळेला. लागतं त्याच्या दुप्पट तरी मिळायला पाहिजे.

आता दुसरा पर्याय, लॅपटॉप आणि ओबीएस. हे लाइव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आपल्या कामाला भरपूर पुरतं. कॅमेरा म्हणून कोणाचा तरी जुना हँडीकॅम चालतो, फक्त त्याच्या एचडीएमआय आउटवर स्क्रीनवरचे आकडे आणि बॅटरीचं चिन्ह दिसणार नाही असं सेटिंग आहे का ते बघून घ्या, मग कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं एक साधं कॅप्चर कार्ड लावलं की झालं. खालच्या पट्टीत गीताचे शब्द टाकता येतात, घरी बसलेल्यांना त्याचा फार आधार वाटतो. फक्त शब्द जुन्या श्रीलिपीत टाइप केलेले असतील आणि तो फॉन्ट लॅपटॉपवर नसेल तर स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटतं, तेव्हा तरुण संघाला बसवून सगळं एकदा युनिकोडमध्ये करून घ्या.

आवाजाचं खरं काम इथे होतं. आपल्याकडे बहुतेक चर्चमध्ये आहुजाचा नाहीतर तसलाच मिक्सर-अ‍ॅम्प असतो, बऱ्याच मॉडेलला मागे लाइन आउट किंवा रेकॉर्डिंग आउट असतो, तिथून यूएसबी ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि तिथून लॅपटॉपमध्ये. बेहरिंगरचा यूसीए२२२ नावाचा छोटा डबा लाइन लेव्हल घेतो, एवढ्या कामाला तो पुरे. मात्र स्पीकरच्या वायरा जिथे जोडतात तिथून कधीही सिग्नल घेऊ नका, ती १०० व्होल्टची लाइन असू शकते, लॅपटॉप जाईल. जोडल्यावर हूंऽऽ असा आवाज आला तर तो बहुतेक ग्राउंड लूप असतो, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा करंट, आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, गेला तर ऑडिओच्या वायरीमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. अर्थिंगची पिन मोडून टाकायचा जुगाड काही लोक सुचवतात, तो अजिबात करू नका.

पण वायर लावली म्हणजे सुटलो असं नाही. पेटी आणि तबल्याला हॉलमध्ये माइक लागतच नाही, गायनसंघही मोकळ्या गळ्याने गातो, म्हणजे अ‍ॅम्पमधून जो आवाज बाहेर येतो त्यात पाळकसाहेब अगदी कानाशी बोलल्यासारखे येतात आणि भजन सुरू झालं की पार शुकशुकाट, लांबून कोणीतरी टाळ वाजवतंय एवढंच. म्हणून एक माइक पेटी-गायनसंघाकडे आणि एक मंडळीच्या दिशेने लावायचा, आणि हे दोन्ही फक्त लाइव्हला जायला पाहिजेत, हॉलच्या स्पीकरला नाही, नाहीतर शिट्टी वाजते. साध्या अ‍ॅम्पमध्ये असं वेगळं करता येत नाही. ऑक्स सेंड (वेगळा आवाज बाहेर काढायची वाट) असलेला छोटा मिक्सर घेतला तर जमतं, ऑक्स प्री-फेडर ठेवायचा, म्हणजे साऊंडवाल्याने हॉलचा आवाज वर-खाली केला तरी घरच्यांना फरक पडत नाही. कॅमेऱ्यावर जो काही खर्च करणार होतात तो इथे करा, मी तर हेच म्हणेन.

आणखी एक, वायरचा आवाज लवकर पोचतो आणि चित्र मागून येतं, ओठ आणि शब्द जुळत नाहीत. ओबीएसमध्ये ऑडिओला सिंक ऑफसेट देता येतो, टाळी वाजवून बघायचं आणि मिलिसेकंद वाढवत न्यायचे.

तिसरा पर्याय स्विचरचा. ब्लॅकमॅजिकचा एटेम मिनी सगळ्यांनी ऐकलेला असतो, चार एचडीएमआय कॅमेरे जोडता येतात, बटण दाबलं की चित्र बदलतं. साध्या मिनीला स्ट्रीम करायला कॉम्प्युटर लागतोच, मिनी प्रो मात्र लॅन केबल लावून थेट यूट्यूबला पाठवतो आणि यूएसबी डिस्कवर रेकॉर्डही करतो. पण साधी एचडीएमआय केबल दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणजे माळ्यावर कंट्रोल आणि पुलपिटाशेजारी कॅमेरा असेल तर एसडीआयचे (लांबच्या केबलचे) कन्व्हर्टर आले, खर्च वाढला. आणि दर रविवारी स्विचरवर एक, कॅमेऱ्यांवर दोघं, आवाजाला एक, एवढी माणसं कुठून आणणार? परीक्षा आल्या की तरुण संघ गायब. मोठं चर्च, अधिवेशनं, लग्नं भरपूर असतील तरच याच्या वाटेला जा.

चित्राचं थोडक्यात सांगतो. वेदीमागे मोठी खिडकी असेल तर कुठलाही महाग कॅमेरा पाळकसाहेबांचा चेहरा काळाच दाखवणार, पडदा ओढा, समोरून एक दिवा द्या, एक्स्पोजर लॉक करा.

बुधवारच्या प्रार्थनासभेला यातलं काहीच नको, तिथे लोकांना बोलायचं असतं. झूम फुकटात ४० मिनिटं देतं, गूगल मीट तीन किंवा जास्त जण असतील तर ६० मिनिटं. आपली सभा चाळीस मिनिटांत कधी संपली, त्यामुळे मीटच बरं.

उपासनेतल्या प्रार्थनाविनंतीच्या वेळी मात्र जपा. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या घरचं भांडण, नावासकट सगळं बोललं जातं आणि ते यूट्यूबवर राहतं. माझं मत, लिंक अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल अशी) ठेवून मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, आणि तेवढ्या वेळेपुरता आवाज बंद करून स्क्रीनवर एखादं वचन लावा. ओबीएसमध्ये हे एका बटणाचं काम, फोनवर जमायला अवघड, आणि फोनवरून सुरुवात केलेल्या लहान मंडळींनीही पुढे दुसऱ्या पर्यायाकडे जावं असं मी म्हणतो त्याचं हेही एक कारण आहे.

राउटर, मिक्सर आणि कॅमेरा एकाच इन्व्हर्टरवर घ्या. लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो पण राउटर बंद पडला की लाइव्ह तिथेच तुटतं.