मायक्रोसर्फेसिंग: इंदूरच्या कॉलनीतल्या रस्त्यांना कितपत पकड देतं?

कॉलनीतला जुना डांबरी रस्ता गुळगुळीत झाला आणि पहिल्या पावसात स्कूटर घसरू लागल्या, की रहिवासी संघापुढे हमखास सीलकोटचा, म्हणजे रस्त्यावर डांबराचा पातळ थर देण्याचा, प्रस्ताव येतो. स्वस्त पडतो, रस्ता काळाभोर दिसतो. पण तक्रार घसरण्याची असेल तर वाळूचा सीलकोट घेऊ नका. मायक्रोसर्फेसिंग, म्हणजे डांबर आणि बारीक गिट्टीचा थंडच पसरलेला पातळ थर, घ्या, आणि तेही अटी लिहून.

चाकाला पकड दोन गोष्टींमुळे मिळते. एक, गिट्टीचा स्वतःचा खरखरीतपणा, बोटांना पॉलिश पेपरसारखा लागतो तो. दुसरी, खड्यांमधली खोली, जिच्यातून पाणी टायरखालून निसटतं. कॉलनीतल्या तीस-चाळीसच्या वेगाला पहिली गोष्ट जास्त कामाला येते. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या मोठ्या रस्त्याच्या किंवा बायपासच्या वेगाला खोली नसेल तर टायर पाण्यावर तरंगू लागतो.

वाळूच्या सीलकोटमध्ये 10 चौरस मीटरला 6.8 किलो डांबर आणि 0.06 घनमीटर वाळू जाते. त्याचं काम फटी बुजवून पाणी आत जाऊ न देणं, आणि ते तो नीट करतो. पण त्याच फटींतून पावसाचं पाणी निघून जायचं असतं. डांबर थोडं जास्त पडलं तर मे महिन्यात ते वर येतं, चाकांच्या पट्ट्यात चकाकी धरतं आणि जूनमध्ये नेमकी तीच जागा निसरडी होते.

मायक्रोसर्फेसिंगमध्ये पॉलिमर मिसळलेलं डांबराचं इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं डांबर), बारीक फोडलेली गिट्टी, थोडं सिमेंट आणि पाणी मशीनमध्ये कालवून थंडच पसरतात. टाइप 2 चा थर 4 ते 6 मिमी, टाइप 3 चा 6 ते 8 मिमी. कॉलनीला टाइप 2 पुरतो. बस-ट्रक धावत असतील तर टाइप 3 मागा. मिश्रण आधी तपकिरी दिसतं, इमल्शन फुटलं, म्हणजे डांबर पाण्यापासून वेगळं झालं, की काळं पडतं. चांगल्या उन्हात साधारण दोन तासांत वाहनं सोडता येतात.

बिघडतं ते बहुतेक वेळा तयारीत. खड्डे आणि रुंद भेगा आधी भरल्या नाहीत तर त्या काही महिन्यांत वर उमटतात, कारण हा थर रस्त्याला ताकद देत नाही. ऑइल सांडलेली जागा धुतली नाही तर तिथून पापुद्रे निघतात. एखादा मोठा खडा पसरण्याच्या पेटीत अडकला की लांबलचक ओरखडा पडतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मिश्रण पातळ करायला जागेवर वाढवलेलं पाणी: गिट्टी खाली बसते, डांबर वर तरंगतं, आणि पैसे मोजून पुन्हा तोच चकचकीत रस्ता मिळतो. काम चालू असताना पाण्याच्या पाइपावर नजर ठेवायला एक माणूस उभा करा.

गिट्टी म्हणून माळव्याचा काळा दगड (बेसाल्ट) कॉलनीच्या वाहतुकीला चांगला आहे. सिग्नलच्या आधीचे 40-50 मीटर, तीव्र वळण किंवा बेसमेंटचा रॅम्प मात्र त्याच्या भरवशावर सोडू नये. सतत ब्रेक लागून तिथला दगड घासून गुळगुळीत होतो. अशा जागी एपॉक्सीवर (घट्ट चिकटणाऱ्या रेझिनवर) भाजलेल्या बॉक्साइटचे 1 ते 3 मिमीचे कठीण दाणे टाकतात. हा थर खूप महाग, पण लागतो तेवढ्याच तुकड्यावर टाकायचा. खालचा पृष्ठभाग ओलसर असेल तर हा थर पत्र्यासारखा सुटतो.

मायक्रोसर्फेसिंगची पकड: कॉलनीच्या सपाट रस्त्याला पाचपैकी चार, उतार-वळणाला अडीच.

बिल चुकवण्याआधी दोन चाचण्या करून घ्या. पहिली कुणालाही जमते: 25 मिलिलीटर कोरडी, बारीक, चाळलेली वाळू रस्त्यावर ओतायची आणि सपाट चकतीने गोल फिरवत खड्यांच्या माथ्यापर्यंत पसरायची. वर्तुळाचा व्यास 20 सेंटिमीटर आला तर सरासरी खोली 0.8 मिमी, 25 आला तर जेमतेम 0.5. वर्तुळ जितकं पसरेल तितका रस्ता गुळगुळीत. दुसरी पेंड्युलमची, प्रयोगशाळेकडून: ओल्या रस्त्यावर रबर घासत नेणारा लोलक. जुन्या ब्रिटिश शिफारशीनुसार साध्या जागी आकडा 45, वर्दळीच्या मुख्य रस्त्याला 55, तीव्र वळणावर किंवा सिग्नलच्या तोंडाशी 65 हवा. उन्हात रबर मऊ पडून आकडा कमी येतो, म्हणून तापमानाची दुरुस्ती धरली आहे का ते विचारा.

दोन्ही चाचण्या चाकांच्या पट्ट्यातच, निदान तीन ठिकाणी करायच्या. नव्या थरावर खड्यांभोवती डांबराची झिलई असते, त्यामुळे पहिल्या दिवसाचा आकडा खरी पकड सांगत नाही. करारात एका पावसाळ्यानंतरची फेरचाचणी घाला आणि थोडी रक्कम तोवर राखून ठेवा. काम पावसाळा सरल्यावर, कोरड्या दिवसांत. मान्सून दाराशी आल्यावर सुरू करू देऊ नका.