जुनी पेटी: मूळचे सूर राखावेत की नवे बसवावेत?

आजोबांच्या वेळची पेटी, म्हणजे हार्मोनियम, माळ्यावरून खाली आली की घरात आधी पॉलिशची चर्चा सुरू होते. खरं तर पॉलिश सगळ्यात शेवटी. भाता नवा करता येतो, पट्ट्यांखालचं कातडं बदलता येतं, खोकाही सुतार पुन्हा बांधून देतो. पेटीचा प्रत्येक सूर म्हणजे पितळी तळपट्टीवर रिबिटीने बसवलेली, हवेने थरथरणारी पितळी जीभ. सुराच्या जिभेवरून एकदा खरवडलेलं पितळ मात्र कोणी परत लावून देत नाही. म्हणून नवे सूर घालायचे की जुनेच जुळवून घ्यायचे, हे ठरल्याशिवाय बाकी कशाला हात लावू नका.

त्याआधी हवा तपासा. सगळे स्टॉपर (सुरांकडची हवा अडवणारे, पुढचे ओढायचे खुंटे) बंद करून भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता सावकाश दहा आकडे मोजा. तेवढ्यात भाता बसला तर गळती आहे. बहुधा भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यातलं कातडं चिरलेलं असतं किंवा उंदराने कुरतडलेलं असतं. स्टॉपर उघडताच पट्टी न दाबता एखादा सूर बोलू लागला, तर त्या पट्टीखालचं कातडं कडक झालं आहे किंवा तिची स्प्रिंग ढिली पडली आहे. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकते तेव्हाही असंच होतं. गळक्या पेटीत सूर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. हवेचा दाब बदलला की सूर थोडा हलतो, त्यामुळे भाता नंतर दुरुस्त केला तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

आता सूर. सूरपाटी, म्हणजे सूर बसवलेली लाकडी फळी, बाहेर काढून भिंगाखाली जिभा पाहा. टोकाशी हलके ओरखडे असतील तर काळजी नाही, ते पूर्वी सूर लावल्याचे. पण टोकाला आणि रिबिटीजवळही खोल चरे दिसले, तर ती जीभ वर-खाली, वर-खाली करत बरीच खाल्ली गेली आहे. टोकाचं पितळ काढलं की वजन घटून सूर चढतो, रिबिटीजवळचं काढलं की ताठपणा घटून उतरतो. दोन्हीकडून झिजलेली जीभ जोराने वाजवली की डळमळते. एखादा सूर अचानक बराच उतरला असेल तर मुळाशी बारीक तडा शोधा. तडा गेलेली जीभ आज ना उद्या तुटणारच, ती जुळवण्यात अर्थ नाही.

बाकीचे दोष मात्र किरकोळ असतात, आणि नेमक्या त्यांच्यावरूनच 'सूर गेले' असं सांगितलं जातं. हिरवा कळंक चढला की जीभ जड होऊन सूर उतरतो. कोरड्या मऊ ब्रशने तो निघतो. जीभ आणि तळपट्टी यांच्या फटीत कण अडकला की सूर खरखरतो; पातळ कागद एकदा फिरवला की मोकळा होतो. तेल कधीही लावू नका, त्यावर धूळ बसून चिकटा होतो. सूर उशिरा बोलत असेल तर जिभेचं टोक तळपट्टीपासून किती उचललेलं आहे ते पाहा. साधारण जिभेच्या जाडीइतकी उंची पुरते. टोक फार खाली असलं तर सूर गुदमरतो, फार वर असलं तर हवा मागतो.

जुन्या पॅरिस, म्हणजे फ्रान्सहून आलेल्या, सुरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायला हवी. १८५९ साली फ्रान्सने पांढरी सहाची, म्हणजे मध्य सप्तकातल्या ए स्वराची, कंपनसंख्या ४३५ ठरवली होती. आजचं माप ४४० आहे. फरक पाच कंपनांचा, सुमारे २० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. तुमची पेटी जुन्या मापाची असेल तर तिला ४४० वर आणायला साडेतीन सप्तकांच्या डबल (दर पट्टीला दोन सूर असलेल्या) पेटीतल्या ४२ दुणे ८४ जिभा टोकाशी खरवडाव्या लागतील. तानपुरा लावून गायनाची साथ किंवा एकल वादन करणार असाल तर याची गरजच नाही. तानपुरा पेटीला मिळवा आणि आपसातले सूर तेवढे जुळवून घ्या. कीबोर्ड किंवा बासरीसोबत वाजवायची असेल तरच माप बदलण्याचा विचार करा.

गुजरातेतल्या पालिताण्याचे नवे सूर घातले तर पेटी पहिल्या दिवसापासून ४४० वर येते, एखादा सूर तुटला तर जोडही सहज मिळते. भजनी मंडळात, शाळेत, रोज चार हात फिरणाऱ्या पेटीला हेच योग्य. पण दर्जा संचागणिक बदलतो, म्हणून बसवण्याआधी प्रत्येक सूर वाजवून निवडणारा कारागीर गाठा. तळपट्ट्यांची मापं जुळली नाहीत तर सूरपाटीची भोकं कोरावी लागतात, आणि मग मागे फिरता येत नाही. चांगले जर्मन किंवा पॅरिस सूर हलक्या हवेवर बोलतात आणि त्यांचा आवाज कानात टोचत नाही. हे ज्याला ऐकू येतं, त्याने दहा-बारा सूर खराब निघाले तरी पूर्ण संच बदलू नये. दुसऱ्या जुन्या पेटीतून काढलेले सुटे सूर शोधावेत. डबल पेटीत सुरांच्या दोन ओळी असतात, खालच्या सप्तकाची खर्जाची आणि मधल्या सप्तकाची नराची. खर्जाची एकच ओळ गेली असेल तर तेवढीच नवी घाला आणि नराची जुनी ठेवा. आवाजात थोडा फरक राहील, पण गाण्याला आधार नराचाच असतो.

सूरपाटीला तडा असेल तर एका घरातली हवा शेजारच्या घरात जाते आणि शेजारचा सूरही कुजबुजतो. तिथे सागाची पातळ चीप गरम सरसाने बसवतात. पुन्हा उघडता न येणारा चिकट लगदा कोणी भरत असेल तर थांबवा. स्क्रू पितळीच हवेत, लोखंडी गंजतात.

सूर लावताना जिभेखाली ब्लेडची पातळ पट्टी सरकवून दोन-तीनच ओढी मारायच्या, जीभ निवू द्यायची आणि सूर पेटीत ठेवूनच तपासायचा. बाहेर फुंकून लावलेला सूर आत वेगळा बोलतो. खर्ज-नराची जोडी एकत्र वाजवून आवाजातली थरथर थांबेपर्यंत हे चालतं. यात घाई करणाऱ्याकडे जुने सूर देऊ नका, त्यापेक्षा नवे घातलेले बरे.

आणि नवे घातलेच, तर जुने सूर पट्टीच्या क्रमाने कागदावर चिकटवून, क्रमांक घालून परत मागून घ्या. मोडीत पितळाचा भाव मिळतो. दुसऱ्या कुणाच्या जुन्या पेटीत मात्र त्यातला एक सूर नेमका बसू शकतो.