थंडरबर्ड, आठ महिन्यांनंतर: मेल ‘येत नाही’ तेव्हा तो कुठे अडकलेला असतो

वापर असा: विंडोज 11 ची तीन मशीन, थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्रामची 140 ईएसआर (नवे बदल कमी, सुरक्षा दुरुस्त्या चालू अशी) आवृत्ती, एक जीमेलचं खातं आणि स्वतःच्या डोमेनचा, शेअर्ड होस्टिंगवरचा (अनेकांनी वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवरचा) एक मेलबॉक्स. हा मेलबॉक्स तिन्ही मशीनवर आयमॅपने (मेल सर्व्हरवरच राहतो, मशीनवर त्याची प्रत येते) लावलेला. बँक स्टेटमेंट, जीएसटीच्या नोटिसा, ग्राहकांचे पीडीएफ, असं दिवसभराचं काम.

निकाल आधी सांगून टाकतो. प्रोग्राम ठेवण्यासारखा आहे. फुकट आहे, सगळी खाती एका विंडोत दिसतात, नेट गेलं तरी जुना मेल शोधता येतो. खोट एकच, पण ती ऐन कामाच्या वेळी नडते: मेल येणं थांबलं की हा गृहस्थ बोलत नाही. खाली स्टेटस बारवर एक ओळ चमकून जाते, नाहीतर कोपऱ्यात सूचना येते आणि वाचायच्या आत निघून जाते. इनबॉक्स मात्र कालच्याच मेलवर शांत बसलेला. म्हणून हा अनुभव बराचसा त्या एकाच दुखण्याबद्दल आहे.

काहीही हलवण्याआधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा. तिथेही मेल नसेल तर थंडरबर्डशी खेळण्यात अर्थ नाही. मेलबॉक्स भरलाय का ते पाहा आणि पाठवणाऱ्याला विचारा, मेल परत गेला का. परतीच्या मेलमध्ये 5.2.2 किंवा 4.2.2 असा आकडा असला तर त्याचा अर्थच मेलबॉक्स भरलाय असा होतो. होस्टिंगच्या छोट्या कोट्यात ट्रॅशमधला मेलही धरला जातो, हे बहुतेकांना भरल्यावरच कळतं.

वेबमेलमध्ये मेल आहे आणि थंडरबर्डमध्ये नाही, असं असेल तर पुढची शंका सर्व्हरवर नको, स्क्रीनवर घ्या. मेल उतरलेला असतो, पण दिसत नसतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे क्विक फिल्टरची पट्टी. तिच्यात टाचणीचं चिन्ह आहे. ती टोचलेली राहिली की ‘फक्त न वाचलेले’ किंवा ‘फक्त अटॅचमेंटवाले’ ही गाळणी एका फोल्डरवरून दुसऱ्यावर सोबत येत राहते आणि निम्मा इनबॉक्स गायब होतो. पट्टीच बंद असेल तर कंट्रोल-शिफ्ट-के दाबून उघडा आणि सगळी बटणं सोडवा. दुसरं, क्रमवारी. ‘डेट’ हा स्तंभ पाठवणाऱ्याच्या घड्याळावर चालतो. त्याच्या कॉम्प्युटरची तारीख चुकलेली असेल तर आजचा मेल कुठेतरी दोन वर्षं खाली जाऊन बसतो. स्तंभांच्या उजव्या टोकाच्या चिन्हावरून ‘ऑर्डर रिसीव्हड’ जोडा आणि त्यावर क्रम लावा. मिटलेल्या जुन्या थ्रेडमध्ये आलेलं उत्तरही असंच नजरेतून सुटतं. आणि कधीतरी बनवून विसरलेले मेसेज फिल्टर असतातच. ‘टूल्स’मध्ये ‘मेसेज फिल्टर्स’ उघडून फिल्टर लॉग चालू करा, म्हणजे कुठला मेल कुणी कुठे नेला ते दिसतं. मेन्यूबार दिसत नसेल तर आल्ट दाबा. डाव्या कोपऱ्यात खाली ऑफलाइनचं चिन्ह आहे, तेही एकदा बघून घ्या. चुकून तिथे क्लिक झालेलं असतं आणि माणूस तासभर राउटर बंद-चालू करत बसतो.

आता खरं अडकणं. एकच मेलबॉक्स अनेक मशीनवर असेल तर सर्वाधिक सापडणारं कारण सर्व्हरशी असलेल्या जोडण्यांच्या संख्येचं आहे. थंडरबर्ड प्रत्येक आयमॅप खात्यासाठी मुळात 5 पर्यंत जोडण्या उघड्या ठेवतो. त्या सुरुवातीलाच घेत नाही. फोल्डर उघडत जाल तशा एकेक घेतो. इकडे होस्टिंगवर बहुधा डव्हकॉट हा सर्व्हर असतो आणि त्याची मूळ मर्यादा आहे एका वापरकर्त्याला एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) 10 जोडण्या. ऑफिसातली सगळी मशीन बाहेरून एकाच आयपीची दिसतात. तीन मशीन गुणिले 5 म्हणजे 15, वर त्याच वायफायवरचे फोन. म्हणून सकाळी सगळं सुरळीत चालतं, दुपारपर्यंत चारपाच फोल्डर उघडले गेले की शेवटच्या मशीनवर मेल थांबतो, आणि ते मशीन बंद-चालू केलं की दुसऱ्यावर थांबतो. बघणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलंय.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ‘अकाउंट सेटिंग्ज’, त्या खात्याचं ‘सर्व्हर सेटिंग्ज’, ‘अॅडव्हान्स्ड’, तिथे जास्तीत जास्त किती जोडण्या राखायच्या तो आकडा 5 वरून 2 करा. तिन्ही मशीनवर करा आणि तिन्ही ठिकाणी थंडरबर्ड पूर्ण बंद करून उघडा. एकूण 6 होतात, फोनना जागा उरते. फोल्डर बदलताना क्षणभर वाट पाहावी लागते, एवढीच किंमत. जीमेलची मर्यादा एका खात्याला एकाच वेळी 15 जोडण्यांची आहे, तिथेही हाच हिशेब लागतो.

दुसरं कारण ओळखायला अवघड, कारण ते दोन-तीन महिन्यांनी उगवतं. होस्टिंगवर खातं लावताना सर्व्हरचं नाव स्वतःच्या डोमेनवरचं टाकलं जातं, पण सुरक्षा प्रमाणपत्र (सर्व्हर खरा असल्याची खात्री देणारं) होस्टिंगच्या मुख्य सर्व्हरच्या नावाचं असतं. थंडरबर्ड इशारा देतो, आपण अपवाद मान्य करतो आणि विसरतो. तो अपवाद त्या एका प्रमाणपत्रापुरताच असतो. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं 90 दिवसांची असतात आणि साधारण 60 दिवसांनी बदलली जातात. नवीन प्रमाणपत्र आलं की जुना अपवाद निकामी, मेल बंद. पुन्हा अपवाद देणं म्हणजे पुढच्या दोन महिन्यांची तरतूद. होस्टिंगच्या पॅनेलवर मेलसाठी दिलेलं सर्व्हरचं नेमकं नाव घ्या, ते ‘सर्व्हर सेटिंग्ज’मध्ये टाका, सुरक्षा एसएसएल/टीएलएस, पोर्ट 993 ठेवा. पाठवण्याच्या सर्व्हरलाही तेच नाव, पोर्ट 465. नाव जुळलं की अपवादाची गरजच राहत नाही.

प्रमाणपत्राची तक्रार सगळ्याच खात्यांवर एकदम आली तर घड्याळ पाहा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल संपला की प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख काही वर्षं मागे जाते, आणि मग कुठलंही प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेलं नाही’ ठरतं. नवा सेल बसवा, विषय संपला. तारीख बरोबर असूनही तक्रार सगळीकडे असेल तर अँटिव्हायरसचं मेल स्कॅनिंग मध्ये घुसून स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतंय, ते बंद करून बघा.

जीमेलचं दुखणं वेगळं आहे, ते ओळखपत्राचं. साध्या पासवर्डने बाहेरचे प्रोग्राम आत घेणं गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी 30 मे 2022 पासून बंद केलं. आता ‘ऑथेंटिकेशन मेथड’मध्ये ओऑथ2 (प्रोग्रामला पासवर्ड न देता गूगलच्या पानावरून परवानगी देण्याची पद्धत) हवं, येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्ही सर्व्हरना. गूगलचा पासवर्ड बदलला की थंडरबर्डला दिलेली परवानगी रद्द होते. मग लॉगिनची विंडो यायला हवी. ती कोरी दिसली किंवा परत परत तेच विचारत राहिली तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये कुकीज स्वीकारण्याची खूण आहे का ते बघा, ओऑथला कुकीज लागतात. मग तिथेच ‘सेव्हड पासवर्ड्स’ उघडून ओऑथने सुरू होणाऱ्या, गूगलच्या नोंदी काढा, थंडरबर्ड बंद करून उघडा आणि ‘गेट मेसेजेस’ दाबा. बाकीच्या खात्यांच्या नोंदींना हात लावू नका.

जोडणी ठीक, ओळख ठीक, तरी एकाच फोल्डरमध्ये मेल नाही? मग फाईल बघायची वेळ आली. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाईलमध्ये ठेवतो आणि शेजारी एमएसएफ नावाची सूची ठेवतो. यादीत दिसतं ते सूचीतलं. वीज गेली, मशीन मध्येच बंद झालं, की सूची आणि फाईलचा मेळ तुटतो. फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘रिपेअर फोल्डर’. आयमॅपमध्ये हे बटण उतरवलेली प्रत टाकून देतं आणि सर्व्हरवरून पुन्हा आणतं. मोठ्या इनबॉक्सवर दाबताना हिशेब करा, कारण जीमेल आयमॅपने दिवसाला 2500 एमबीच उतरवू देतं. त्यापुढे खातं काही काळ अडवलं जातं आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते. जीमेलचं ‘ऑल मेल’ फोल्डर ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मधून वगळलं की हा भार बराच हलका होतो, नाहीतर तोच मेल दोनदा उतरतो.

पॉपवाल्यांनी (पॉप म्हणजे मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेण्याची पद्धत) जास्त जपायचं आहे, कारण तिथे मशीनवरची फाईल हीच कित्येकदा एकमेव प्रत असते. एका अटॅचमेंटमध्ये व्हायरस सापडला म्हणून अँटिव्हायरसने आख्खी इनबॉक्स फाईल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकली, तर इनबॉक्स रिकामाच दिसणार. थंडरबर्डची प्रोफाइल (मेल आणि सेटिंग्ज ठेवलेलं फोल्डर) अँटिव्हायरसच्या तपासणीतून वगळा आणि अँटिव्हायरसला येणारा एकेक मेल वेगळा उचलू देण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये चालू करा. प्रोफाइल कुठे आहे ते ‘हेल्प’, ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’, ‘ओपन फोल्डर’मधून कळतं. पॉप ‘7 पैकी 3’वर येऊन दरवेळी तिथेच थांबत असेल तर तो तिसरा मेल गुन्हेगार आहे, वेबमेलमधून त्याला इनबॉक्सबाहेर हलवा, पुढचे सगळे धडाधड उतरतात. आणि दोन मशीनवर पॉप असेल तर दोन्हीकडे ‘लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर’ला खूण हवीच. एकाने ती काढली की दुसऱ्याला काही उरतच नाही.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावर किंवा फोनच्या हॉटस्पॉटवर मेल थांबतो, त्याचं मूळ आयडल या सोयीत आहे. सर्व्हर नवा मेल आल्याचं स्वतःहून कळवतो, त्यासाठी एक जोडणी निवांत उघडी असते. मधल्या राउटरने ती गुपचूप तोडली की थंडरबर्ड मेलेल्या तारेला कान लावून बसतो. फक्त आयडलवर विसंबू नका, ‘दर 10 मिनिटांनी तपासा’ची खूणही ठेवा. हॉटस्पॉटवरच काम असेल तर आयडल काढा आणि 5 मिनिटं लावा. बॅटरी थोडी जास्त जाते, पण मेल येतो.

हे सगळं एकदा लावून घेतल्यावर प्रोग्राम मुकाट काम करतो. तरी कंट्रोल-शिफ्ट-जे दाबून उघडणारा एरर कन्सोल लक्षात असू द्या. मुख्य विंडोत न सांगितलेल्या बऱ्याच तक्रारी तिथे लिहिलेल्या असतात, आणि होस्टिंगवाल्याला फोन करताना ‘मेल येत नाही’ म्हणण्यापेक्षा त्यातली एक ओळ वाचून दाखवली की समोरचा माणूस कामाला लागतो.